हिमगौरी चुंबनाने जागी झालीच नव्हती

राजपुत्राने चुंबन घेतलं आणि हिमगौरी उठून बसली, हा समज १९३७च्या डिस्ने चित्रपटामुळे घरोघरी पोचला. जर्मन लोककथा गोळा करून छापणाऱ्या ग्रिम बंधूंच्या कथेत चुंबन नाही. १८५७च्या शेवटच्या आवृत्तीत काचेची शवपेटी नेणारे नोकर झुडपाला अडखळतात, हिसका बसतो आणि घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. १८१२च्या पहिल्या आवृत्तीत तर पेटी वाहून वैतागलेला नोकर तिच्या पाठीत धपाटा घालतो!

दगाही एकदाच होत नाही. राणी वेष पालटून तीनदा येते. पहिल्यांदा चोळीची नाडी श्वास कोंडेल इतकी आवळते. बुटके ती कापतात. दुसऱ्यांदा विषारी कंगवा. तो केसांतून काढला की ती शुद्धीवर. तिसरा डाव मात्र खरा कसबी. सफरचंदाची फक्त लाल बाजू विषारी. राणी ते कापून पांढरा भाग स्वतः खाते, लाल तिला देते. समोरची खातेय म्हटल्यावर संशय कसा यावा? या वेळी बुटके नाडी सोडतात, केस विंचरतात, पाण्याने नि वाइनने धुतात. सगळं बाहेरून, घशात कोणी पाहतच नाही.

आणि ही बाई मुळात सावत्र नव्हती. १८१२मध्ये ती सख्खी आई आहे. १८१९च्या आवृत्तीत तिला सावत्र केलं गेलं. शिकाऱ्याने आणलेली रानडुकराची फुप्फुसं नि यकृत लेकीचंच समजून, मीठ घालून शिजवून खाणारी, ती ही सख्खी आई.