तुटलेल्या शेपटीचा हिशोब

शेपटी पुन्हा उगवते, हे सांगायला गणित लागत नाही. सॅलमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याचे पाय आणि शेपटी, तसेच बेडकाच्या पिल्लाची (टॅडपोलची) शेपटी कापली तरी परत येते, हे इटलीच्या लाझारो स्पालान्झानी यांनी १७६८ मध्येच प्रयोगांनिशी लिहून ठेवले होते. आकडेमोड सुरू झाली ती पुढे, एका अडचणीच्या निरीक्षणामुळे: शेपटी जितकी जास्त कापावी, तितकी ती भराभर वाढते.

थॉमस हंट मॉर्गन हे नाव आपल्याला फळमाश्यांच्या आनुवंशिकतेमुळे आणि नोबेलमुळे माहीत आहे. त्याआधी त्यांनी बरीच वर्षे पुनर्जननावर, म्हणजे तुटलेला अवयव पुन्हा उगवण्याच्या अभ्यासावर, घालवली. टोकाशी कापलेली शेपटी रेंगाळत वाढते आणि बुडाशी कापलेली झपाट्याने, हे त्यांनी १९०६ च्या सुमारास मोजून दाखवले. पाठोपाठ टॅडपोलच्या शेपट्या कापून रोजची वाढ टिपणारे निबंध आले आणि जीवशास्त्रज्ञ डार्सी थॉम्पसन यांनी १९१७ च्या ‘ऑन ग्रोथ अँड फॉर्म’ या ग्रंथात त्या मोजमापांची चर्चा केली. आधी काही काळ हालचाल नाही, मग वेग, मग पुन्हा मंदावणे, असा तो वक्र. खरे तर अशा वक्रावर यीस्टची वाढही बसते आणि माणसांची लोकसंख्याही. तो वाढीचे वर्णन नेमके करतो. पण किती कापले गेले हे खुंटाला कसे कळते, यावर काहीच बोलत नाही.

त्या प्रश्नाला गणिती भाषा मिळायला अर्धे शतक गेले. रसायनांच्या प्रसरणातून आकृतिबंध कसे तयार होऊ शकतात, हे गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग यांनी १९५२ मध्ये समीकरणांतून मांडले. १९६९ मध्ये जीवशास्त्रज्ञ लुईस वोल्पर्ट यांनी सुचवले की प्रत्येक पेशीला शरीरातला आपला पत्ता ठाऊक असतो. हा पत्ता चुकवता येतो, याचा चक्रावून टाकणारा पुरावा भारतातून आला. भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठात प्रियंवदा मोहंती-हेजमाडी आणि सहकाऱ्यांनी टॅडपोलची शेपटी कापून त्यांना अ जीवनसत्त्व दिले, तर शेपटीच्या जागी चक्क पाय उगवले! १९९२ मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आले.

अलीकडचे बहुतेक काम मेक्सिकोच्या ॲक्सोलोटल या सॅलमँडरवर आहे, आणि त्यात शेपटीपेक्षा तिच्यातल्या मज्जारज्जूकडे जास्त लक्ष आहे. तिथल्या मूळपेशी एरवी साधारण १४ दिवसांनी विभागतात. शेपटी कापल्यावर सुमारे ५ दिवसांनी. २०१६ मध्ये एली तनाका, ओस्वाल्दो चारा आणि सहकाऱ्यांनी गणिती प्रतिकृती (मॉडेल) रचून तपासले की नवा मज्जारज्जू नेमका कशाने लांबतो: पेशी सरकून येतात म्हणून, त्यांची मांडणी बदलते म्हणून, की विभाजन वेगावते म्हणून. मुख्य वाटा वेगावलेल्या विभाजनाचा निघाला. मग हा वेग येतो कुठून? २०२१ च्या प्रतिकृतीनुसार जखमेपासून एक संकेत मागे पसरत जातो, सुमारे ८५ तासांत ०.८ मिलिमीटरपर्यंत, आणि वाटेतल्या पेशींना घाईला लावतो. तो संकेत म्हणजे कोणता रेणू, हे समीकरण सांगत नाही. पण तो किती लांब आणि किती वेळात जायला हवा हे सांगते, आणि रेणू शोधणाऱ्याला तेवढी मर्यादा पुष्कळ उपयोगी पडते.

पालीला हे गणित जसेच्या तसे लागू करता येणार नाही. ती शेपटी स्वतःच टाकते, मणक्यांतल्या ठरलेल्या कमकुवत रेषेवर. ॲक्सोलोटलला मणके परत मिळतात. पालीच्या नव्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची एक सलग नळी असते. तुटण्याच्या रेषा मणक्यांतच असल्याने ही नवी शेपटी मधूनच पुन्हा टाकता येत नाही. दुसऱ्यांदा जीव वाचवायचा तर उरलेल्या जुन्या भागातून, म्हणजे आणखी बुडाशी, तोडावे लागते. तेव्हा पालीच्या प्रतिकृतीत वाढीच्या वेगाबरोबर अजून किती मणके शिल्लक आहेत, हेही धरावे लागेल.