अमेरिकन रोमँटिसिझम: बारसं नंतर, पंगत त्याच्याही नंतर

रोमँटिक म्हटलं की आपल्या डोक्यात पाऊस, एक छत्री आणि गाणं येतं, त्यामुळे अमेरिकन रोमँटिसिझमबद्दल, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातल्या तिकडच्या साहित्याबद्दल, काहीही वाचायला घेतलं की पहिली ठेच तिथेच लागते. या काळातली आज सगळ्यात गाजलेली कादंबरी, मेल्व्हिलची ‘मोबी-डिक’, एका पांढऱ्या देवमाशामागे लागलेल्या कॅप्टनची आहे, तिच्यात हिरॉइनच नाही. मराठी समीक्षेत स्वच्छंदतावाद असा शब्द आहे पण तो वाचून कोणीतरी घरदार सोडून उधळलंय असं वाटतं, म्हणून मी आपलं रोमँटिसिझमच लिहितो. याच काळातल्या हॉथॉर्न या लेखकाने १८५१ साली आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहून ठेवलंय की मी लिहितोय ती नॉव्हेल नव्हे, रोमान्स आहे, म्हणजे रोजच्या व्यवहाराला तंतोतंत धरून राहायचं बंधन माझ्यावर नाही. आपल्याकडचा अद्भुतरम्य हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो.

इंग्लंड-जर्मनीतलं मूळ, कवी वर्डस्वर्थ वगैरे, सगळ्यांना माहितीये, ते परत नको. अमेरिकेत गोष्ट साधारण १८३६ पासून धरतात. निबंधकार इमर्सनने १८३२ मध्येच बोस्टनच्या चर्चमधली पाद्रीची नोकरी सोडलेली, कारण प्रभुभोजनाचा विधी करायला त्याचं मन घेईना. मग युरोपची चक्कर, आणि सप्टेंबर १८३६ मध्ये निसर्गावरचं एक छोटं पुस्तक, तेही लेखकाचं नाव न छापता. त्याच महिन्यात त्याची आणि त्याच्या मित्रांची बैठक सुरू झाली, बरेचसे पाद्री किंवा माजी पाद्री. एक मित्र मेन राज्यातून बोस्टनला आला की सगळे जमायचे म्हणून आपापसात त्या मित्राच्याच नावाने क्लब म्हणायचे, पण बाहेरच्यांनी नाव ठेवलं ट्रान्सेन्डेन्टल क्लब. आणि ‘नाव ठेवलं’ हे मी दोन्ही अर्थांनी म्हणतोय. शब्द जर्मन तत्त्वज्ञ कांटचा, तिथे त्याला काटेकोर अर्थ आहे, म्हणजे अनुभवाच्याही आधी मनात काय असावं लागतं त्याचा विचार, पण बोस्टनच्या व्यापारी मंडळींत त्याचा अर्थ उरला ‘डोक्यावरून जाणारं काहीतरी’. इमर्सनने मग १८४२ च्या सुमाराच्या एका व्याख्यानात सांगून टाकलं की हा आपला जुनाच आयडियलिझम, म्हणजे वस्तूंच्या आधी मन मानणारा विचार, आहे, फक्त १८४२ सालचा. त्याआधी १८३८ ला हार्वर्डच्या धर्मशास्त्राच्या मुलांपुढे तो असं काही बोलला की पुढची जवळपास तीस वर्षं हार्वर्डने त्याला परत बोलावलं नाही.

इमर्सनचा मित्र थोरो, जो तळ्याकाठी झोपडं बांधून एकटा राहिला आणि त्यावर ‘वॉल्डन’ हे पुस्तक लिहिलं, त्याच्याबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण त्याच्यावरून ऑनलाइन नेहमी एकच वाद चालतो, की हा कसला संन्यासी, कपडे तर घरून धुऊन यायचे. आता हे उघडकीला आणल्याच्या आविर्भावात सांगणाऱ्यांनी पुस्तक उघडलेलं नसतं असं माझं मत झालंय. वॉल्डन तळ्याकाठचं झोपडं बांधायला २८ डॉलर साडेबारा सेंट लागले हा हिशोब त्याने खिळ्यांच्या खर्चासकट दिलाय, आणि पुढे खर्चाच्याच यादीत लिहिलंय की धुणं-शिवणं बहुतेक बाहेर व्हायचं आणि त्याची बिलं अजून आलेली नाहीत. लपवलंय कुठे? जमीन इमर्सनची, गाव दीड मैलावर. ४ जुलै १८४५ ते ६ सप्टेंबर १८४७, दोन वर्षं दोन महिने दोन दिवस. हिवाळ्यात त्याच तळ्यावर बर्फ कापणारी टोळी आली. तेव्हा तिकडचा बर्फ जहाजाने पार कलकत्ता, मद्रास, मुंबईपर्यंत यायचा, आणि हा तिथे बसून सकाळी गीता वाचतोय, १७८५ पासून इंग्रजीत होतीच ती, आणि लिहितोय की मुंबई-मद्रासचे घामाघूम लोक माझ्या विहिरीचं पाणी पितात. त्याचा मुंबईशी संबंध एवढाच, बर्फाचा, पण मला तो भारी आवडतो.

तर एवढं सगळं झालं तरी १८५५ पर्यंत यातल्या कोणालाही आपण मिळून एक चळवळ आहोत असं वाटत असेल असं दिसत नाही. देवमाशाच्या कादंबरीची मेल्व्हिलच्या हयातीत अमेरिकेत साधारण तीन हजारांच्या आसपास विक्री, आणि तो न्यूयॉर्कच्या कस्टममध्ये एकोणीस वर्षं नोकरी करून १८९१ ला गेला. थोरोच्या पहिल्या पुस्तकाच्या हजार प्रती छापल्या, त्यातल्या ७०६ प्रकाशकाने १८५३ मध्ये घरी परत पाठवल्या, त्या त्याने पाठीवरून जिना चढवून वर नेल्या आणि डायरीत लिहिलं की माझ्याकडे आता नऊशेच्या आसपास पुस्तकं आहेत, पैकी सातशेच्या वर मी स्वतः लिहिलेली.

यांची पंगत बसवली ती १९४१ मध्ये, हार्वर्डच्याच मॅथिसन नावाच्या एका प्राध्यापकाने. जाडजूड ग्रंथ, नाव ‘अमेरिकन रेनेसाँ’, काळ धरला १८५० ते १८५५ असा जेमतेम, आणि पाटावर बसवले पाचजण: इमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेल्व्हिल आणि कवी व्हिटमन. या पाचांना जोडणारा धागा म्हणजे लोकशाहीच्या शक्यतांवरची निष्ठा, असं त्याचं म्हणणं. युरोपात युद्ध पेटलेलं असताना हा धागा का सुचला असेल ते समजण्यासारखं आहे. पण रेनेसाँ म्हणजे पुनर्जन्म, आधी काही जन्मलेलं असेल तर पुन्हा जन्मणार ना? हे त्यालाही कळत होतं, तरी शब्द ठेवलाच. कवी-कथाकार पो १८४९ ला वारलेला त्यामुळे चौकटीबाहेर, शिवाय लोकशाहीवर त्याचा राग. त्याच पाच वर्षांत १८५२ ला ‘अंकल टॉम्स केबिन’ ही गुलामगिरीवरची कादंबरी आली, पहिल्याच वर्षात अमेरिकेत तीन लाख प्रती, लिहिणारी बाई, ती पंगतीत नाही. गुलामीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लसचं १८४५ चं आत्मकथन नाही. इमर्सनच्याच मंडळींचं त्रैमासिक पहिली दोन वर्षं जिने संपादित केलं ती मार्गारेट फुलर नाही. लोकशाहीवरची निष्ठा हीच अट असेल तर गुलामीतून सुटलेला माणूस त्यात का बसत नाही, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही. बाजू मांडणारे म्हणतात की त्या प्राध्यापकाला लेखनाच्या कसाबद्दल बोलायचं होतं, खपाबद्दल नाही. ठीक आहे, त्यात तथ्य आहे, देवमाशावरची त्याची प्रकरणं अजूनही वाचावीत अशीच आहेत. पण युद्धानंतर कॉलेजांमध्ये अमेरिकन स्टडीज फोफावलं आणि एका माणसाची आवडनिवड सगळ्यांचा सिलॅबस झाली. आपल्याकडे एमए इंग्लिशला अमेरिकन लिटरेचरचा पेपर दिलेल्यांनी आपली यादी आठवून बघा, तेच पाच, फार तर पो आणि कवयित्री डिकिन्सन.

१९८० च्या दशकात यावर जोरात भांडणं झाली आणि बायका, कृष्णवर्णीय लेखक, खपाऊ कादंबऱ्या असं सगळं अभ्यासात आलं. डिकिन्सनचं प्रकरण तर वेगळंच, साधारण अठराशे कविता, हयातीत छापल्या गेल्या दहाच्या आसपास, आणि संपादकांचा हात फारसा न लागलेला संपूर्ण संग्रह यायला १९५५ उजाडलं.

नंतर बारसं झालेलं अजून एक प्रकरण आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. थोरोने कर भरला नाही म्हणून जुलै १८४६ मध्ये एक रात्र कोठडीत काढली, त्यावरचा निबंध १८४९ ला छापला तेव्हा शीर्षकात होतं नागरी सरकारला प्रतिकार. ‘सिव्हिल डिसओबीडियन्स’ हे नाव लागलं १८६६ ला, तो वारल्यावर चार वर्षांनी. तेच नाव गांधीजींमार्फत आपल्याकडे आलं आणि १९३० पर्यंत त्यातल्या सिव्हिलचं सविनय झालेलं होतं. मूळ निबंध मात्र एकदा वाचाच, सरकारबद्दल तो ज्या भाषेत बोलतो त्यात विनय औषधालाही सापडत नाही.