सूज उतरवणाऱ्या औषधात सल्फरची रिंग आली कुठून?

सूज-दुखण्यावरच्या नव्या औषधांचे पेपर चाळले की थायोफीन, थायाझोल (सल्फर असलेली अणूंची कडी, म्हणजे रिंग) ही नावं सारखी भेटतात, आणि पहिला प्रश्न हाच पडतो की सगळे सल्फरवाल्या रिंगच्याच मागे का लागलेत. त्यासाठी थेट 1882 मध्ये जावं लागतं. झुरिचमध्ये रसायनशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर लेक्चरमध्ये बेंझीन ओळखायची टेस्ट दाखवत होते, आयसॅटिन आणि सल्फ्युरिक अॅसिड घातलं की गडद निळा रंग यायचा, पण त्या दिवशी आलाच नाही. नेहमीचं बेंझीन कोळशाच्या डांबरातलं असायचं, त्या दिवशीचं बेंझॉइक अॅसिडपासून केलेलं होतं, एकदम शुद्ध. म्हणजे निळा रंग बेंझीनचा नव्हताच, त्यात लपलेल्या थायोफीनचा होता! चार कार्बन, एक सल्फर. बेंझीन 80 अंशाला उकळतं, हे 84 ला, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या हाती लागलं नव्हतं.

हे साम्यच पुढे कामाला आलं. औषधाच्या रेणूतली बेंझीनची रिंग काढून तिथे थायोफीन बसवलं तरी बऱ्याचदा रेणू तसाच काम करतो.

अॅस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे सूज-दुखणं वाढवणारी शरीरातली रसायनं, तयार होणं थांबवतात हे जॉन व्हेन यांनी 1971 ला दाखवलं. फायझर या औषध कंपनीत मात्र साठच्या दशकापासूनच कार्बॉक्सिलिक अॅसिड (अॅस्पिरिनमध्ये असतो तो आम्लगट) नसलेलं औषध शोधणं चालू होतं, त्यातून ऑक्सिकॅम गटातली औषधं आली, ज्यांच्या मुख्य रिंगमध्येच सल्फर आणि नायट्रोजन शेजारीशेजारी आहेत. त्यातलं पायरॉक्सिकॅम शरीरात इतकं टिकतं की दिवसातून एकदा घेतलं तरी पुरतं.

पण माझ्या मते यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुडॉक्सिकॅम या त्याच गटातल्या औषधाची आहे. त्यात थायाझोलची (सल्फर आणि नायट्रोजन असलेली) जास्तीची रिंग होती, चाचण्यांमध्ये लोकांच्या लिव्हरला इजा झाली आणि ते औषध सोडून द्यावं लागलं. मेलॉक्सिकॅम जवळपास तेच, फरक फक्त त्या थायाझोलवर एक मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन), आणि ते आजही जगभर वापरात आहे. कारण नंतर कळलं. लिव्हरमधली एन्झाइम्स सुडॉक्सिकॅमची थायाझोल रिंग उघडतात आणि त्यातून घातक थायोयुरिया बनतो, तर मेलॉक्सिकॅममध्ये ती मुख्यतः त्या मिथाइललाच ऑक्सिडाइझ करतात, रिंग बहुतेक शाबूत राहते.

म्हणून आता नवी सल्फर रिंग आखताना ती कॉक्स-2 मध्ये (प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइम, जे ही औषधं अडवतात) नीट बसते का एवढंच बघून भागत नाही, लिव्हर तिला कुठून फोडेल हेही कागदावरच तपासावं लागतं.