हेअरग्रास : टाकीतलं लव्हाळ्याचं जाजम

हेअरग्रास म्हणजे गोड्या पाण्याच्या फिश टँकमध्ये तळाला लावायची, केसासारख्या बारीक हिरव्या पात्यांची वनस्पती. नीट लागली की खालची वाळू दिसेनाशी होते आणि टाकीत लॉन केल्यासारखं दिसतं, म्हणून टँकवाली मंडळी याला सरळ कार्पेट म्हणतात. नावात ग्रास असलं तरी हे गवत नव्हे, हे सायपरेसी कुळातलं, म्हणजे आपल्या लव्हाळ्याच्या भावकीतलं. सांगलीकडं उसाच्या नाहीतर हळदीच्या रानात ज्यानं भांगलण केलीय त्याला लव्हाळा काय चीज आहे ते सांगायला नको, वरनं उपटला तरी खाली गाठ राहते आणि आठ दिवसात परत कोंब वर. मी पहिल्यांदा चिमट्यानं एकेक काडी वाळूत खोचत बसलो होतो तेव्हा आजोबा दारातनं बघून म्हणाले, "रानातला लव्हाळा काढाय माणूस मिळंना आणि हे काचंत लावतंय." तेव्हा हसलो, पण रानात त्याचा जो गुण नडतो त्याच गुणावर टाकीतलं जाजम तयार होतं, हे नंतर कळलं.

तो गुण म्हणजे जमिनीखालनं पळणं. हेअरग्रासचं वंशनाव एलिओकॅरिस, ग्रीक शब्दांवरनं आलेलं, अर्थ साधारण 'दलदलीची शोभा'. टँकमध्ये मुख्य करून अ‍ॅसिक्युलॅरिस, पार्व्हुला आणि पुसिला या तीन जाती चालतात, दुकानात 'मिनी' म्हणून मिळतं ते बहुतेक पुसिला, ते बुटकं राहतं आणि पाती जरा वाकडी असतात. मजा म्हणजे आपण ज्याला पाती म्हणतो ती पानं नसतातच, ती खोडं आहेत. पानं आखडून बुडाशी नुसतं पातळ म्यान राहिलेलं असतं, अन्न तयार करायचं सगळं काम हिरव्या काडीवर. बुडातनं दोऱ्यासारखं पांढरं आडवं खोड निघतं त्याला रनर म्हणतात, ते वाळूत थोडं सरकतं, तिथं मुळं सोडतं, वर चार काड्या काढतं, परत पुढं. काचेलगत एखादा रनर आला तर हे रोज बघता येतं. माझ्या टाकीत एक रनर काचेला आपटून वळला आणि काचेच्या कडेकडेनं कोपऱ्यापर्यंत गेला, मागं दर बोटभर अंतरावर एकेक झुबका, अगदी हातशिलाई घातल्यासारखा. चायनीज जेवणातलं वॉटर चेस्टनट याच वंशातल्या डल्सिस जातीचा कंद, आपला शिंगाडा वेगळा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

कार्पेटसाठी दुसऱ्याही वनस्पती आहेत. मोंटे कार्लो, ग्लॉसोस्टिग्मा, क्यूबा ही बारीक गोल पानांची. लिलिओप्सिस दिसायला गवतासारखं पण कुळ कोथिंबीर-गाजराचं. आणि युट्रिक्युलेरिया ग्रॅमिनिफोलिया, ही तर बारीक फुग्यांत किडे पकडून खाणारी, साताऱ्याच्या कास पठारावर पावसाळ्यात जांभळी चादर घालणारी सीतेची आसवं याच वंशातली. म्हणून कुणी कासवर जाऊन उपटून आणायचा शहाणपणा करू नये, पश्चिम घाटाच्या ज्या जागा २०१२ साली जागतिक वारसा झाल्या त्यात कास आहे, आणि ती झाडं जांभ्यावरच्या इतक्याशा मातीत पावसावर जगणारी, टाकीत आणून मरणारच. टाकीत दगड आणि खाली नुसतं हिरवं जाजम ही स्टाईल, तिला इवागुमी म्हणतात, जगभर नेली ती जपानच्या ताकाशी अमानो यांनी (१९५४–२०१५). हा माणूस आधी सायकल रेसर होता, मग फोटोग्राफर, मग टाकीवाला.

आता आपल्याकडचं पाणी. नळाला नदीचं पाणी असेल तर फारशी अडचण नाही, फक्त क्लोरीन जाऊ द्यायचं, बादलीत एक दिवस उघडं ठेवायचं किंवा अँटीक्लोरीनचे थेंब टाकायचे. बोअरचं असेल तर क्षार जास्त, काचेवर पांढरी रेघ धरते. पण हेअरग्रास त्या बाबतीत कुरकुरं नाही, जड पाण्यातही चालतं, क्यूबासारखं रुसत नाही. लईच जड असेल तर निम्मं आरओचं पाणी मिसळा. दगड काळा पाषाण घ्या, तो पाण्यात काही सोडत नाही. माळावरचा पांढरट चुनखडी दगड नको, त्यावर लिंबू पिळून बघा, फसफसला तर टाकीत घालू नका.

तळ म्हणजे निम्मी लढाई. बाजारातली अ‍ॅक्वा सॉइल, म्हणजे भाजलेल्या मातीचे दाणे, सगळ्यात सोपी पण महाग, आणि पहिले दोनतीन आठवडे ती अमोनिया सोडते तेव्हा त्यात लगेच मासे सोडायचे नाहीत. स्वस्तात करायचं तर खाली माती, वर १-२ मिलिमीटर दाण्याची धुतलेली वाळू, सगळं मिळून पाचसहा सेंटिमीटर. इथं एक चूक मी केली ती सांगतो, रानातली काळी माती घातली. काळी माती पाणी प्यायली की फुगते, आणि जरा हात लागला की टाकीचा चहा होतो, चार दिवस काही दिसत नव्हतं. तांबडी माती चालते, महाबळेश्वर-पाचगणीकडच्या जांभ्याच्या मातीत लोह भरपूर असतं, पण पातळ थर आणि वर वाळूचं झाकण जाड. मोठी खडी घालू नये, तिच्यात काडी उभीच राहत नाही, रनरलाही वाट मिळत नाही.

लावणी. कुंडीत किंवा टिश्यू कल्चरच्या डबीत येतं त्याची जेली किंवा कापूस धुऊन टाकायचा, मग सातआठ काड्यांची एक जुडी अशा जुड्या सोडवायच्या, कात्रीनं दोनतीन सेंटिमीटरवर छाटायच्या आणि लांब चिमट्यानं तिरप्या खोचायच्या, दोन जुड्यांत साधारण दोन सेंटिमीटर. कंटाळवाणं काम आहे, दोन फुटी टाकीला माझी अख्खी दुपार जाते. एकच मोठा ठोंब मधोमध ठेवून दिला तर तो ठोंबच राहतो, आतल्या काड्या कुजतात. रोप लावल्यासारखं पसरून लावलं तरच प्रत्येक जुडी चहूकडं रनर सोडते. नर्सरीत ही रोपं बहुतेक पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात, त्यामुळं पाण्यात गेल्यावर जुन्या काड्या पिवळ्या पडतात, गळतात. याला मेल्ट म्हणतात, दोनतीन आठवडे चालतं, यातच निम्मे लोक 'मेलं' म्हणून उपटून टाकतात. उपटू नका. बुडाशी पांढरा कोंब आहे का बघा. काहीजण पाणी न भरताच सुरुवात करतात, माती चिंब ओली ठेवून टाकीवर प्लॅस्टिक ताणतात आणि महिना-दीड महिना हवेतच वाढू देतात, जाजम झालं की मग पाणी भरायचं. त्यात शेवाळ होत नाही पण रोज प्लॅस्टिक उघडून हवा दिली नाही तर बुरशी येते.

उजेड सहा ते आठ तास, टायमर लावून. उजेड कमी पडला तर काड्या उंच आणि विरळ जातात, उजेडाकडं मान करून. खिडकीतलं ऊन मात्र नको.

खरा प्रश्न कार्बन डायऑक्साइडचा. हवेच्या मानानं पाण्यात हा वायू साधारण दहा हजार पट सावकाश पसरतो, म्हणजे झाडाच्या तोंडापर्यंत घास पोचायलाच वेळ लागतो. वरनं गॅस सोडला तर सहा ते आठ आठवड्यात जाजम होतं, नाही सोडला तरी हेअरग्रास जगतं पण चारपाच महिने धरून चाला. सिलिंडर, रेग्युलेटर घेणं परवडलं तर उत्तम, नाहीतर यीस्टची बाटली. दोन लिटरच्या बाटलीत कोमट पाणी, पावकिलो साखर, पाव चमचा यीस्ट, बुचातनं नळी काढून टाकीत, दोनेक आठवडे बुडबुडे चालतात. आता सांगलीत राहून साखर विकत कशाला घालायची म्हणून मी गूळ घातला. गुळानं यीस्ट असं काही चेकाळलं की दुसऱ्या दिवशी फेस नळीतनं चढून टाकीत उतरला, पाणी दुधाळ, आणि घरात वास असा की आईनं आधी माझ्याकडं बघितलं आणि मग पलंगाखाली. तेव्हापासनं मधे एक रिकामी बाटली जोडतो, फेस आला तर तिच्यातच अडतो. आणि बाटली निम्मीच भरतो.

गॅस किती झाला ते बघायला ड्रॉप चेकर म्हणून काचेची छोटी कुपी मिळते, आतलं पाणी निळं असलं तर कमी, हिरवं तर बरोबर (साधारण ३० पीपीएम, म्हणजे लिटरला ३० मिलिग्रॅम), पिवळं तर जास्त. पिवळं झालं आणि मासे वर येऊन तोंड उघडायला लागले तर लगेच एअरपंप लावायचा. रात्री झाडाला गॅस नको असतो पण यीस्टला बंद कर म्हणून सांगता येत नाही, त्यामुळं रात्री एअरपंप चालू ठेवलेला बरा. सगळं जमलं असलं की दुपारी दोनतीनच्या सुमाराला प्रत्येक काडीच्या टोकाला ऑक्सिजनचा मोहरीएवढा थेंब धरतो, थांबतो, सुटतो आणि वर जातो. अख्ख्या जाजमातनं एकदम असे थेंब सुटायला लागले की जेवायला बोलावलेलं ऐकू येत नाही.

खताला बाहेर शोधायची गरज नाही. तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षबागेला ड्रिपमधनं सोडतात तीच विद्राव्य खतं टाकीला चालतात (पुडीवरचे आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्क्यांचे), १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ००:५२:३४ म्हणजे फॉस्फेट आणि पोटॅश. ५५ लिटरच्या टाकीत १३:००:४५ एक ग्रॅम टाकलं तर नायट्रेट साधारण १० पीपीएमनं वाढतं, आठवड्याला एवढं बास. फॉस्फेट चिमूटभराच्याही चिमूटभर. पण १९:१९:१९ किंवा १२:६१:०० चुकूनही नको, त्यात अमोनियाचा नत्र असतो, मासे जातील. मायक्रोन्यूट्रियंटच्या पुडीत तांबं असतं, कोळंबी पाळली असेल तर जपून.

शेवाळ येणारच. पहिल्या महिन्यात तपकिरी थर येतो, तो आपोआप जातो. हिरवे केस यायला लागले तर उजेडाचे दोन तास कमी करा, दर आठवड्याला निम्मं पाणी बदला. अमानो कोळंबी आणि ऑटोसिंक्लस मासे शेवाळ चरतात. गोल्डफिश मात्र सोडू नका, तो अख्खं जाजम उकरून काढेल. निऑन टेट्रा, रासबोरा, गप्पी हे बिनधास्त.

उन्हाळा सांगलीत त्रासाचा. याला २० ते २८ अंशाचं पाणी मानवतं आणि इथं एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. गरम पाण्यात वायू कमी विरघळतो, म्हणजे झाडाला गॅस कमी आणि माशाला ऑक्सिजनही कमी. टाकीचं झाकण काढून पाण्यावर छोटा फॅन लावला तर दोनतीन अंश उतरतं, पाणी उडतं तेवढी रोज भर घालायची. साताऱ्या-वाईकडच्यांना जरा बरं.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. आम्ही वरच्या मजल्यावर, टाकी वाचली पण लाईट आठवडाभर नाही, ना दिवा ना फिल्टर. निऑन सगळे गेले, गप्पी चार राहिले. हेअरग्रास पिवळं पडून आडवं झालं, मी सोडूनच दिलं होतं. चिखल काढायच्या गडबडीत टाकीकडं बघायलाच कुणाला वेळ नव्हता, नुसतं निम्मं पाणी बदललं आणि दिवा लावला. तीन आठवड्यांनी आजोबाच म्हणाले, काचेपाशी बघ. वाळूतल्या पांढऱ्या दोऱ्यावर नखाएवढ्या हिरव्या टोकांची रांग होती. महापुरात झाडं जातात, लव्हाळी राहतात म्हणतात ते आजोबांनी मग चार दिवस येईल त्याला ऐकवलं.

जाजम झाल्यावर महिन्यातनं एकदा हजामत करायची, वाकड्या कात्रीनं दोनतीन सेंटिमीटरवर. छाटली की ती आडवी जास्त पळते. वर तरंगलेल्या काड्या जाळीनं गोळा करायच्या, नाहीतर फिल्टर तुंबतो. वर्षादीड वर्षात थर इतका दाट होतो की खाली काळं पडतं आणि एखाद्या दिवशी कोपरा सतरंजीसारखा उचलून वर येतो, तेव्हा पट्टे कापून काढायचे आणि मोकळ्या जागेत नव्या जुड्या लावायच्या. काढलेलं ओढ्यात, नदीत टाकू नका, तिथं जलपर्णीच पुष्कळ आहे. ओल्या कागदात गुंडाळून आइस्क्रीमच्या डब्यात घातलं की चार दिवस टिकतं, माझ्याकडचं मिरजेला, इस्लामपूरला असंच एसटीनं गेलंय.