सात वेळा म्हटलं की पाऊस?

मृग कोरडा गेला की मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) ग्रुपवर हा मेसेज फिरतो: ‘ही प्रार्थना सात वेळा म्हणा, सात जणांना पाठवा, आशीर्वाद नक्की.’ आधार बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याचा. 1 राजे 18:43 मध्ये त्याने चाकराला सात वेळा समुद्राकडे पाहायला पाठवलं, हे खरंच. सातव्या वेळी तळहाताएवढा ढग दिसला आणि फेऱ्या थांबल्या. पण त्याच अध्यायाचं पहिलं वचन उघडून पाहा: पाऊस पाडीन, असं देवाने आधीच सांगितलं होतं. एलीया त्या वचनाला चिकटून राहिला, एवढंच.

लूक 18:1 हेच शिकवतं, न खचता प्रार्थना करा. मत्तय 6:7 मात्र पोकळ बडबडीला नको म्हणतं. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला ‘काटा’, म्हणजे त्याला छळणारा त्रास, दूर व्हावा म्हणून देवाला तीनदा विनवलं (2 करिंथ 12:8-9). काटा राहिला, कृपा मिळाली. मेसेज पुढे पाठवला नाही म्हणून आशीर्वाद अडेल, असं वचन कुठेच नाही.