पावणेदोन म्हणजे दोनात उणे पाव

एक तर अपूर्णांक आणि त्यात त्याच्यापुढे उणे चिन्ह, हे दोन्ही एकत्र आलं की भल्याभल्यांची गडबड होते, पण खरं सांगू का, मराठी बोलताना आपण हे गणित येता जाता करत असतो. पाऊण हा शब्द आलाय पाद आणि ऊन यांच्यातून, म्हणजे पावाने कमी. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी, २ + (−१/४), उत्तर ७/४. आणि गणितातलं 'उणे' पण त्याच 'ऊन'मधून आलंय, मला हे फार आवडतं.

गोंधळ होतो कारण आपण दोन प्रश्न एकदम सोडवायला जातो. छेद सांगतो तुकडा केवढा आहे, चिन्ह सांगतं संख्यारेषेवर शून्याच्या कुठल्या बाजूला जायचंय. आधी फक्त तुकडे सारखे करा, चिन्हाला हातच लावू नका. −३/४ + ५/६ घ्या. ४ आणि ६ चा लसावि १२, मग झालं −९/१२ + १०/१२, आता अपूर्णांक विसरा आणि −९ + १० करा, उत्तर १/१२. बरेच जण वर वरचे आणि खाली खालचे मिळवून २/१० काढतात, पण चतुर्थांश आणि षष्ठांश हे वेगवेगळ्या मापाचे तुकडे, ते तसेच एकत्र मोजणार कसे?

वजाबाकीत खरी मेख आहे. 'दोन उणे मिळून अधिक' हे नुसतं पाठ केलं की मुलं −१/३ − १/२ चं उत्तर पण ५/६ लिहितात, आणि ते चूक आहे, तिथे दोन्ही उड्या डावीकडेच आहेत म्हणून −५/६. त्यापेक्षा वजाबाकी म्हणजे अंतर असं बघा. १/३ − (−१/२) म्हणजे −१/२ पासून निघून १/३ पर्यंत पोचायला किती चालावं लागेल. शून्यापर्यंत अर्धा, पुढे एक तृतीयांश, ३/६ + २/६ = ५/६, आणि चाललो उजवीकडे म्हणून धन. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात लिहून ठेवलंय की शून्यातून ऋण वजा केलं की धन येतं, धन आणि ऋण हे त्याचेच शब्द आपण आजही वापरतो.

अजून एक चूक, ही तर मोठी माणसं पण करतात. −२ १/४ दिसलं की −२ आणि वर १/४ अधिक असं धरतात. पण उणे चिन्ह पूर्ण संख्येला आहे, हे उणे सव्वादोन, म्हणजे −२ च्याही डावीकडे. चुकीचं धरलं की तेच उणे पावणेदोन होतं! उणे सव्वादोनात दीड मिळवून बघा : −९/४ + ६/४ = −३/४, उणे पाऊण. चुकीच्या वाटेने गेलात तर −७/४ + ६/४, हातात येतं उणे पाव, म्हणजे तब्बल अर्ध्याचा फरक.