चर्चच्या नोंदवह्या आणि नाझींचे ‘वंशशास्त्र’

१५ सप्टेंबर १९३५ रोजी न्यूरेंबर्ग येथील नाझी पक्षाच्या अधिवेशनात जे वंशविषयक कायदे मंजूर झाले, त्यांनी जर्मनीतील ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले आणि ज्यू व ‘जर्मन रक्ताची’ व्यक्ती यांच्यातील विवाह हा गुन्हा ठरवला; मात्र ज्यू नेमके कोणाला म्हणायचे, याचे उत्तर त्या कायद्यांत नव्हते. ते दोन महिन्यांनी, १४ नोव्हेंबरच्या पूरक आदेशात आले. आई आणि वडील यांच्याकडचे मिळून जे चार आजी-आजोबा असतात, त्यांपैकी तीन किंवा चार ज्यू असतील तर ती व्यक्ती ज्यू, असे त्यात म्हटले होते. मग आजी किंवा आजोबा ज्यू होते हे कशावरून ठरवायचे? आदेशाने त्याचेही उत्तर दिले: ते ज्यू धर्मसमुदायाचे सभासद असतील, तर अधिक चौकशी न करता त्यांना ज्यू मानावे. रक्त हाच राष्ट्राचा पाया असल्याचे रोज सांगणाऱ्या राजवटीला रक्ताची व्याख्या करताना अखेर धर्माचाच आधार घ्यावा लागला. एखादी जर्मन ख्रिस्ती स्त्री लग्नानंतर ज्यू धर्मात गेली असेल, तर तिच्या नातवंडांच्या हिशेबात ती ‘वंशाने’ ज्यू आजी धरली जाई, मग तिचे सगळे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती शेतकरी का असेनात.

ख्रिस्ती धर्म आणि नाझी विचारसरणी यांच्या नात्याविषयी बोलताना दोन टोकाची मते ऐकू येतात. नाझीवाद हे दोन हजार वर्षांच्या ख्रिस्ती ज्यूद्वेषाचे सरळ फळ आहे, असे एक मत. तर नाझीवाद हा आधुनिक आणि मुळातच चर्चविरोधी होता, त्याचा ख्रिस्ती परंपरेशी काही संबंध नाही, असे दुसरे. माझ्या मते नाझींचा वंशवाद चर्चच्या शिकवणीत नव्हता, परंतु त्या शिकवणीने शतकानुशतके मशागत केलेली जमीन आणि चर्चने जपलेली कागदपत्रे हाताशी नसती, तर तो इतक्या सहज उभा राहिला नसता. या मताचा काही भाग आता आकडेवारीने तपासता येतो.

प्रथम रक्ताचाच प्रश्न घेऊ. पेशी-विकृतिविज्ञानाचे प्रणेते रुडॉल्फ फिरखो यांनी १८७० च्या दशकात जर्मनीतील ६७ लाखांहून अधिक शाळकरी मुलांचे डोळे, केस आणि त्वचा यांच्या रंगांची पाहणी हाती घेतली. सोनेरी केस, निळे डोळे आणि गोरी त्वचा असा ‘अस्सल’ जर्मन समजला जाणारा नमुना जर्मन मुलांपैकी जेमतेम एक तृतीयांश मुलांत आढळला, निम्म्याहून अधिक मुले संमिश्र निघाली आणि ज्यू मुलांपैकीही सुमारे ११ टक्के मुले त्याच गोऱ्या नमुन्याची होती. पुढे पहिल्या महायुद्धात लुडविक आणि हांका हिर्शफेल्ड या डॉक्टर दांपत्याने ग्रीसमधील सलोनिका आघाडीवर निरनिराळ्या देशांच्या सुमारे आठ हजार लोकांचे, बहुतांशी सैनिकांचे, रक्तगट तपासून १९१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिथल्या भारतीय सैनिकांत ‘बी’ गटाचे प्रमाण सुमारे ४१ टक्के होते, तर इंग्रज सैनिकांत ते सुमारे ७ टक्के. प्रमाण बदलत होते, पण गट सर्वत्र तेच होते. तरीही १९२६ साली जर्मनीत ऑटो रेशे यांच्या पुढाकाराने एक संस्था निघाली आणि रक्तगटांवरून वंश ओळखण्याची आशा धरली गेली. ती आशा फोल ठरली, कारण एखाद्या माणसाच्या रक्ताच्या थेंबावरून तो ज्यू आहे की नाही हे सांगणारी कोणतीही खूण अस्तित्वातच नव्हती. स्वतः लुडविक हिर्शफेल्ड ज्यू कुटुंबात जन्मले होते आणि त्यांनी कॅथलिक धर्म स्वीकारला होता. १९४१ साली नाझींनी त्यांना वॉर्सॉच्या कोंडवाड्यात, घेट्टोत, पाठवले. तिथे त्यांच्यासारख्या, बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रवेशाचा संस्कार झालेल्या ‘ज्यूं’साठी कॅथलिक चर्चही चालू होते. त्याही स्थितीत त्यांनी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवले, टायफसच्या साथीशी झुंज दिली, आणि ते युद्धातून वाचले.

प्रयोगशाळेने साथ दिली नाही तेव्हा राजवट दफ्तराकडे वळली. सबंध जर्मनीत जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाली. १९३५ मध्ये नोकरीत असलेल्या माणसाचे आजी-आजोबा बहुधा त्याआधी जन्मलेले असत, आणि त्यांच्या जन्माचा पुरावा बहुतेक भागांत गावच्या चर्चमधील बाप्तिस्म्याच्या वहीतच असे. आपले पूर्वज ‘आर्य’ असल्याचे सिद्ध करण्यासाठी लक्षावधी लोक पाद्र्यांकडे दाखले मागू लागले. नाझींच्या एस. एस. या निमलष्करी संघटनेच्या अधिकाऱ्यांना तर १७५० पर्यंतची वंशावळ द्यावी लागे. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक अशा दोन्ही चर्चनी हे दाखले दिले. बर्लिनमध्ये कार्ल थेमेल या पाद्र्याच्या देखरेखीखाली १९३६ पासून जुन्या वह्यांची कार्ड-सूची तयार होऊ लागली आणि तीत पूर्वी कधीतरी बाप्तिस्मा घेतलेले ज्यू वेगळे शोधून काढले गेले. ज्या नोंदीने कोणे एके काळी माणसाला चर्चच्या कुटुंबात घेतले होते, तीच नोंद आता त्याच्या वंशजांविरुद्धचा पुरावा झाली. या सगळ्या प्रकरणातली ही गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते.

चर्चचा मूळ सिद्धांत याच्या उलट होता. चौथ्या शतकाच्या अखेरीस अँटिओक येथे जॉन क्रिसोस्टम यांनी ज्यूंविरुद्ध अत्यंत जहाल प्रवचने दिली. येशूच्या मृत्यूचा दोष साऱ्या ज्यू जमातीवर टाकणारी शिकवण रुजली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने ज्यूंनी वेगळा ओळखू येईल असा पोशाख करावा असे फर्मावले. परंतु ज्यूंना ठार मारू नये, ही सेंट ऑगस्टीन यांची भूमिकाही चर्चने जपली, आणि बाप्तिस्मा घेतला की माणूस ज्यू राहत नाही हे तत्त्व कायम होते. दार अपमानाचे होते, पण उघडे होते. त्या दाराला पहिला अडसर स्पेनमध्ये लागला. १४४९ साली टोलेडो शहराने ज्यू पूर्वज असलेल्या ख्रिस्ती लोकांना सार्वजनिक पदे नाकारली. पोप पाचवे निकोलस यांनी त्याच वर्षी याचा निषेध केला, तरी ‘शुद्ध रक्ता’चे नियम पुढे स्पेन आणि पोर्तुगालमध्ये पसरले. ते वारे गोव्यापर्यंत आले. भारतीय वनौषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापणारे वैद्य गार्सिया द ओर्टा हे सक्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यू घराण्यातले होते. १५६८ मध्ये ते वारले, पुढच्याच वर्षी त्यांच्या बहिणीला, कातारिनाला, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जिवंत जाळले, आणि १५८० मध्ये खुद्द ओर्टा यांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या.

जर्मन भूमीवरचा इतिहास मोजण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न १३४८ ते १३५० या काळ्या मृत्यूच्या साथीवर आधारलेला आहे. ज्यूंनी विहिरींत विष कालवले म्हणून प्लेग आला, अशी अफवा छळ करून मिळवलेल्या कबुलीजबाबांवर पोसली गेली. स्ट्रासबुर्गमध्ये १४ फेब्रुवारी १३४९ रोजी शेकडो ज्यूंना जाळले गेले, तेव्हा साथ त्या शहरात पोचलीही नव्हती. पोप सहावे क्लेमेंट यांनी १३४८ मध्येच या आरोपाचे खंडन करताना, ज्यूही या रोगाने मरत आहेत आणि जिथे एकही ज्यू राहत नाही तिथेही साथ पसरली आहे, असे म्हटले होते. साथरोगाचा आजचा अभ्यासकही याहून वेगळा युक्तिवाद करणार नाही. पण तो कोणी ऐकला नाही. धर्मपीठाने शतकानुशतके जो तिरस्कार शिकवला होता, तो धर्मपीठाच्याच एका पत्राने मिटणारा नव्हता.

काही शहरांनी मात्र आपल्या ज्यूंना हात लावला नाही. नेमका हाच फरक अर्थशास्त्रज्ञ नीको फोइग्टलेंडर आणि हान्स-योआखिम फोट यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वापरला. ज्या जर्मन शहरांत मध्ययुगात ज्यू वस्ती होती, त्यांचे त्यांनी दोन गट केले, साथीच्या वेळी ज्यूंचे हत्याकांड झालेली शहरे आणि न झालेली शहरे, आणि सहाशे वर्षांनंतर तिथे काय घडले ते पाहिले. हत्याकांड झालेल्या शहरांत १९२० च्या दशकात ज्यूंवर हल्ले होण्याची शक्यता सुमारे सहापट होती. १९२८ च्या निवडणुकीत नाझींना मिळालेली मते, १९३३ नंतरची हद्दपारी, सिनेगॉगवरील, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळांवरील हल्ले, इतकेच नव्हे तर ज्यूद्वेष्ट्या ‘डेर स्ट्युर्मर’ साप्ताहिकाला वाचकांनी धाडलेली पत्रे, या सर्वच बाबतींत तोच कल दिसला. व्यापाराने बाहेरच्या जगाशी बांधलेल्या आणि बाहेरून माणसे येत राहिलेल्या शहरांत मात्र हा धागा क्षीण झालेला आढळला. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे इथेही लक्षात ठेवले पाहिजे. परंतु केवळ राजकीय अतिरेक किंवा हिंसक वृत्ती यांनी हा कल स्पष्ट होत नाही, हेही त्या संशोधकांनी तपासले होते.

इतका काळ द्वेष टिकतो कसा, हे एकेका गावात पाहिले की समजते. बव्हेरियातील डेगेनडोर्फ येथे १३३८ च्या सुमारास ज्यूंची कत्तल झाली, आणि त्यांनी प्रभुभोजनाच्या पवित्र भाकरीची विटंबना केली अशी कथा मागाहून रचली गेली. त्या कथेभोवती यात्रा सुरू झाली आणि ती थेट १९९२ पर्यंत भरत राहिली. विटेनबर्गच्या चर्चच्या भिंतीवर सुमारे १३०० पासून एक शिल्प आहे: डुकरिणीच्या आचळांना लागलेले ज्यू आणि तिची शेपटी उचलून पाहणारा ज्यू धर्मगुरू. दर रविवारी चर्चला येणाऱ्या लहान मुलालाही ते दिसे. त्याच चर्चमध्ये प्रोटेस्टंट पंथाचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर प्रवचने देत असत. १५४३ साली ल्यूथर यांनी ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळावीत, घरे पाडावीत, धर्मग्रंथ हिसकावून घ्यावेत, असा सल्ला लिहून ठेवला. ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ या दिवशी जर्मनीभर सिनेगॉग पेटले, तेव्हा थुरिंगियाचे बिशप मार्टिन झासे यांनी लगोलग पुस्तिका काढून, ल्यूथर यांच्या जन्मदिनी ही आग लागल्याचा आनंद व्यक्त केला.

मतपेटीचा पुरावा अधिक गुंतागुंतीचा आहे. जुलै १९३२ मध्ये नाझी पक्षाला ३७.३ टक्के मते मिळाली, पण प्रोटेस्टंट भागांत ती भरघोस आणि कॅथलिक भागांत फारच कमी होती. इयोर्ग श्पेंकुख आणि फिलिप टिलमन यांच्या २०१८ च्या विश्लेषणानुसार जिल्ह्या-जिल्ह्यांतील नाझी मतांच्या फरकापैकी सुमारे ४० टक्के फरक एकट्या धर्मपंथावरून समजावता येतो. याचा अर्थ कॅथलिक लोकांत ज्यूद्वेष कमी होता, असा मात्र नाही. त्यांच्या बिशपांनी नाझी पक्षाविरुद्ध इशारे दिले होते, आणि ज्या गावचा धर्मगुरू उघडपणे नाझींच्या बाजूचा होता तिथे कॅथलिक मतदारांचा विरोधही मावळलेला दिसतो. धर्मगुरूंच्या शब्दाला केवढे वजन होते, हे त्यावरून कळते. २८ मार्च १९३३ रोजी बिशपांनी ते इशारे मागे घेतले, आणि २० जुलैला व्हॅटिकनने हिटलरच्या सरकारशी करार केला.

प्रोटेस्टंट चर्चमध्ये तर ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाचा गट वंशवाद थेट धर्मशास्त्रात आणू पाहत होता. नोव्हेंबर १९३३ मध्ये बर्लिनच्या सभेत त्यांच्या वक्त्याने बायबलमधून जुना करार, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथांचा भाग, काढून टाकण्याची मागणी केली. मे १९३९ मध्ये आयझेनाख येथे चर्चच्या जीवनातून ज्यू प्रभाव पुसून टाकण्यासाठी चक्क एक संस्था उघडली गेली. तिचे शास्त्रीय प्रमुख वाल्टर ग्रुंडमान हे येशू ज्यू नव्हताच असे प्रतिपादन करीत, आणि संस्थेने ज्यू संदर्भ गाळलेला नवा करार छापला. या गटाला विरोध करणाऱ्या पाद्र्यांनी मे १९३४ मध्ये बार्मेन येथे जे धाडसी निवेदन केले, त्यात चर्चचे स्वातंत्र्य होते, पण ज्यूंचा उल्लेख नव्हता. नाझी नेतृत्वाला चर्चचा तिटकारा होता, शेकडो धर्मगुरू छळछावण्यांत गेले, हेही तितकेच खरे आहे. परंतु १९३९ च्या जनगणनेत ९० टक्क्यांहून अधिक लोक स्वतःला प्रोटेस्टंट किंवा कॅथलिक म्हणवीत होते, आणि ज्यूंच्या संहाराची यंत्रणा याच लोकांनी चालवली.

ऑगस्ट १९४१ मध्ये म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी अपंग आणि मनोरुग्णांच्या हत्येविरुद्ध व्यासपीठावरून जाहीर प्रवचन दिले. तोवर ७० हजारांहून अधिक रुग्ण विषारी वायूने मारले गेले होते. तीन आठवड्यांत हिटलरने ती मोहीम अधिकृतपणे थांबवली, जरी हत्या छुप्या रीतीने चालूच राहिल्या. ऑक्टोबरमध्ये जर्मनीतून ज्यूंच्या रेल्वेगाड्या पूर्वेकडे जाऊ लागल्या, तेव्हा कोणत्याही जर्मन बिशपाने त्यांच्यासाठी तसे प्रवचन दिले नाही. ज्यूंसाठी रोज उघडपणे प्रार्थना करणारे बर्लिनचे पाद्री बर्नहार्ड लिख्टेनबर्ग यांना त्याच महिन्यात अटक झाली आणि १९४३ मध्ये डाखाऊ छळछावणीच्या वाटेवर त्यांचा मृत्यू झाला. १७ डिसेंबर १९४१ रोजी तर सात प्रादेशिक प्रोटेस्टंट चर्चच्या नेत्यांनी संयुक्त निवेदन काढून जाहीर केले, की बाप्तिस्म्याने ज्यूचा वंश बदलत नाही आणि ज्यू ख्रिस्ती लोकांना आपल्या चर्चमध्ये जागा नाही. ज्या संस्काराला चर्चने पहिल्या शतकापासून माणसाचा नवा जन्म म्हटले होते, तो संस्कार त्यांनी स्वतःच्या सहीने रद्दबातल ठरवला.